विकाऊ वाडा : कारंजा लाडच्या वेशीतील एक दगडी घर

वाशीम जिल्ह्यात बाजाराची गावे पुष्कळ आहेत. रिसोड आहे, मंगरुळपीर आहे, मालेगाव आहे. खुद्द वाशीम तर वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म या नावाने राजधानीच होते. पण जुने बाजाराचे शहर कसे असते हे ज्याला एका फेरीत पाहायचे असेल, त्याने कारंजा लाड गाठावे. मुर्तिजापूरकडून या की दारव्ह्याकडून या, नव्या वस्तीतील खताची, मोटारपंपांची आणि मोबाईलची दुकाने मागे पडली की जुन्या गावाची वेस लागते. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस अशी या वेशींची नावे. गावाचे रस्ते कोणकोणत्या मुलखाला जात होते, हे त्या नावांवरूनच समजते.

बाहेरगावचे लोक येथे येतात ते बहुधा गुरुमंदिराच्या दर्शनाला. श्रीनृसिंहसरस्वतींचे हे जन्मस्थान. दर्शन घ्यायचे, प्रसाद घ्यायचा आणि परतीची एस.टी. धरायची, असा रिवाज आहे. जुन्या गावातल्या बोळांत फारसे कोणी शिरत नाही. शिरले तर दोन्ही अंगांना कमरेइतकी उंच काळ्या दगडाची जोती, वर भाजक्या विटांच्या भिंती आणि नक्षीची सागवानी दारे दिसतात. काही दारांना कुलपे आहेत. काही ठिकाणी दाराची चौकट तेवढी उभी आहे आणि आत एरंड माजला आहे.

अशाच एका बोळात एक वाडा विकायला निघाला आहे. मानोरा तालुक्यातील एका शेतकरी भावाला तो घ्यावासा वाटला. मुले दहावी-बारावीच्या शाळेला कारंज्यात ठेवायची, मग भाड्याच्या खोलीपेक्षा आपलेच घर का नको, असा त्याचा विचार. "साहेब, तुम्ही एकवार नजर घाला," असे तो म्हणाला. त्याची कारभारीणही बरोबर होती. वाडा पाहण्यात आमची अर्धी दुपार गेली. या लेखाच्या निमित्ताने ती पाहणी सर्व वाचकांपुढे ठेवतो. कारण आज ना उद्या पुष्कळ शेतकरी कुटुंबांपुढे हा प्रश्न येणार आहे.

वाडा कसा आहे

दर्शनी भिंत ताशीव काळ्या दगडाची. मोठ्या दरवाजाला दिंडी आहे, आतून अडसर आहे. आत शिरताच दोन्ही बाजूंना ढाळज. पूर्वी येथे मुनीम बसत आणि कापूस घेऊन आलेला शेतकरीही येथेच टेकत असे. पुढे फरसबंद चौक. चौकाच्या चारी बाजूंना ओसरी, तिचे सागवानी खांब दगडी तळखड्यांवर उभे. लाकूड जमिनीला टेकू दिलेले नाही, ही त्या सुतारांची मोठी शहाणीव. मागे माजघर, देवघर आणि भिंतीतच बांधलेले धान्याचे बळद. वर माडी. परसात आड आहे आणि त्याला पाणीही आहे.

मालक निवृत्त शिक्षक आहेत. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. त्यांनी हौसेने वाडा दुरुस्त करून घेतला. विजेच्या तारा नव्या टाकल्या, संडास-न्हाणीघर बांधले, ओट्याचे स्वयंपाकघर केले, चौकाचे पाणी बाहेर जाण्यासाठी नवी मोरी काढली. पण आता गुडघे जिना चढू देत नाहीत. "गुरुजी, इतके सारे केले आणि विकता कशाला?" असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "वाड्याला माणसं लागतात साहेब. आम्ही दोघं उरलो. संध्याकाळी चौकात दिवा लावला तरी एवढं मोठं घर अंधारातच राहते."

हे वाडे कोणाच्या पैशावर उभे राहिले

कारंज्याची श्रीमंती जुनी. १६७० साली सुरतेची दुसरी लूट झाल्यावर डिसेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने वऱ्हाडात कारंजा गाठले. येथून कोटीभराचा ऐवज चार हजार बैल आणि गाढवांवर लादून नेला, असे इतिहासकारांनी लिहिले आहे. एवढी संपत्ती ज्या गावात होती, ते गाव व्यापारात कुठवर पोहोचले असेल याचा अंदाज करावा. कस्तुरीच्या हवेलीची गोष्टही येथलीच. कोणा परदेशी व्यापाऱ्याची उंटांवर लादलेली सारी कस्तुरी गावच्या एका सावकाराने विकत घेतली आणि ती बांधकामाच्या चुन्यात कालवली, अशी दंतकथा आजही सांगतात. येथील जैन मंदिरांत जुन्या पोथ्यांचे भांडार जपलेले आहे. डॉ. हिरालाल जैन यांनी त्यांतील अपभ्रंश भाषेचे ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले, तेव्हा कारंज्याचे नाव विद्वानांतही पोहोचले.

पुढे कापसाचा काळ आला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव चढला. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडात आली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाणारी छोटी रेल्वे झाली. हीच आपली शकुंतला. कापूस वाहण्यासाठीच ती काढली होती. आज ती बंद आहे आणि रुळांत गवत वाढले आहे.

आपल्याकडे शेतीच्या जमिनीला काळी म्हणतात आणि गाववस्तीच्या जागेला पांढरी. कारंज्याच्या बोळांतून हिंडताना ध्यानात येते, की हे सारे वाडे पांढरीवर उभे असले तरी त्यांना पोसले काळीने. सावकार असो, व्यापारी असो की देशमुख, पैसा आला तो कापसातून आणि जवारीतून. ज्या घराण्यांकडची काळी गेली, त्यांच्या वाड्याच्या धाब्यावर दरसाल माती टाकण्यापुरताही पैसा उरला नाही. मग एखादी तुळई पडली, मग माडी पडली आणि शेवटी लाकूड घेणारा दारात येऊन उभा राहिला.

आजही बहुतेक पडके वाडे लाकडासाठीच विकले जातात. सागवानी खांब, नक्षीच्या चौकटी आणि दारे शहरातल्या बंगल्यांची आणि हॉटेलांची शोभा करायला जातात. दगड जातो कुंपणाला. म्हणून राहण्यासाठी म्हणून कोणी वाडा दुरुस्त करून ठेवला असेल, तर त्या माणसाला मान दिला पाहिजे. मात्र मान देणे निराळे आणि आंधळेपणाने पैसे मोजणे निराळे.

भिंत, लाकूड आणि धाबे

शेतात पीक पाहताना आपण बांधावरून पाहत नाही. रोप उपटून मूळ पाहतो. घराचेही तसेच.

पहिली गोष्ट पाया. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे! अशा मातीवर टेकलेली भिंत दरसाल थोडी वर-खाली होते. जुन्या गवंड्यांनी म्हणूनच पाया मुरमापर्यंत नेला. भिंतीला कोपऱ्यातून तिरपी भेग असेल, तर त्या जागी पाया हलला असे समजावे. भेग नुकती भरून रंग दिलेला असेल तर अधिकच जपून पाहावे.

दुसरी गोष्ट दगडी भिंत. अशी भिंत बहुधा दोन पदरी असते, मध्ये दगड-मातीचा भराव. या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारे लांब दगड मधून मधून घातलेले असतील तरच दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात भूकंप झाला. मातीत रचलेल्या अशाच जाड भिंती आणि वर मातीचे जड छप्पर, यांच्याखाली हजारो माणसे झोपेतच गेली. दगडाचे घर म्हणजे मजबूत घर, हा समज त्या पहाटेने खोटा ठरवला. चुन्यात बांधलेले आहे की मातीत, हे विचारा. भिंतीला पोट सुटले आहे का, हे ओळंबा लावून पाहा.

तिसरी गोष्ट ओल. गुरुजींच्या वाड्यात मागच्या एका खोलीत खालचा दोन हात गिलावा फुगून सुटत होता, पांढरी भुकटी पडत होती. यालाच आपण लोणा म्हणतो. चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतून चढलेली ओल ती हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल कोंडते आणि आतला चुना आणि वीट खाऊ लागते. बाकी वाडा चुन्यातच दुरुस्त झाला होता, तो ठणठणीत होता. घाईत सिमेंट लावलेली ती एक खोली तेवढी आजारी. दुरुस्ती नवी आहे म्हणजे चांगली आहे, असे धरून चालू नये. कशाने केली, हे विचारावे. पूर्वी चुना घाणीत मळत, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असे पदार्थ घालत. तसे काम जाणणारे गवंडी आता थोडे राहिले आहेत, पण शोधले तर मिळतात.

चौथी गोष्ट लाकूड. मधला भाग पाहू नका, टोके पाहा. तुळई जेथे भिंतीत शिरते तेथे ओल धरते आणि वाळवी लागते. मुठीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर टोच्याने टोचून पाहावे. टोच्या आत सहज शिरला तर ते लाकूड गेले. खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर घुणा आहे. रंगाखाली हे सारे झाकले जाते, म्हणून नवा तेलरंग दिलेले लाकूड दुप्पट बारकाईने पाहावे.

पाचवी गोष्ट धाबे. गळू नये म्हणून दरसाल पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकतात. जुनी कोणी काढत नाही, नवी तेवढी पडत जाते. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर फूटभर मातीचा थर असेल, तर त्याचे वजन सुमारे पाच क्विंटल भरते, आणि भिजल्यावर त्याहून जास्त. म्हणजे दहा फूट लांब-रुंद खोलीच्या डोक्यावर पंचेचाळीस-पन्नास क्विंटल माल ठेवल्यासारखे झाले. तूर भरताना कोठीच्या फळीला किती पेलेल याचा आपण विचार करतो, छपराचाही करावा. गुरुजींनी धाब्याची जुनी माती उतरवून वर पत्रे टाकले होते, हे काम त्यांनी उत्तम केले.

कागद पाहा, सह्या मोजा

घर एकदा दगडाचे पाहावे आणि एकदा कागदाचे. शहरातल्या जागेला सातबारा नसतो. नगर भूमापनाची मिळकत पत्रिका असते, तिलाच आपल्या विदर्भात आखीव पत्रिका म्हणतात. तिच्यावर कोणाकोणाची नावे आहेत, बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आहे काय, जागा नझूलची म्हणजे सरकारी भाडेपट्ट्याची तर नाही ना, आणि असेल तर पट्टा पुढे वाढवून घेतला आहे काय, हे पाहावे. मागील तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध वकिलाकडून घ्यावा. नगरपरिषदेचा कर, वीज आणि नळ यांची थकबाकी पाहावी.

बाजाराच्या गावात वाड्याच्या दर्शनी भागात बहुधा एखादे दुकान असते. तो भाडेकरू किती वर्षांचा आहे, जायला तयार आहे काय, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. भाडेकरूसकट वाडा घेतला तर भाडेकरूसकटच सांभाळावा लागतो.

सर्वांत मोठी अडचण वारसांची. जुना वाडा एकट्याचा क्वचितच असतो. भावांच्या सह्या सारे घेतात, बहिणींच्या विसरतात. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क आहे. २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. तेव्हा ज्यांचे ज्यांचे नाव लागते, त्या प्रत्येकाची सही खरेदीखतावर हवी. गुरुजींच्या दोन बहिणी आहेत. एकीची संमती आहे, दुसरीशी बोलणे व्हायचे आहे, हे त्यांनी होऊन सांगितले. असा सरळ माणूस भेटणे हे भाग्य. पण तिची सही होईपर्यंत इसारसुद्धा देऊ नये, असेच मी आमच्या शेतकरी भावाला सांगितले.

व्यवहार दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवलेला असावा. साध्या कागदावर किंवा नुसत्या शंभराच्या मुद्रांकावर लिहून घेतलेले घर कायद्याने आपले होत नाही. राहते घर स्त्रीच्या नावाने घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घराला आधार म्हणून आणि पैशाची बचत म्हणूनही घरधनिणीच्या नावाचा विचार जरूर करावा.

फ्रान्स देशातील बाजारगावे

अशी दगडी घरे विकायला निघणे हे आपल्याकडेच आहे असे नाही. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात तेराव्या-चौदाव्या शतकांत आखणी करून वसवलेली बाजाराची गावे आहेत. १२८४ साली वसवलेले मोंपाझिये हे त्यांपैकी एक. मध्ये चौक, भोवती कमानी आणि कमानींच्या आत दुकाने. आठवड्याच्या बाजाराला खेड्यांतले शेतकरी कोंबड्या, भाजी, चीज घेऊन येत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडेही शेतीवरची माणसे कमी झाली, तरुण शहरांत गेले आणि घरे रिकामी पडली. मग इंग्लंड-हॉलंडच्या लोकांनी ती घेतली, दुरुस्त केली. घरे वाचली. पण ज्यांनी ती सुटीपुरती घेतली, त्यांच्या खिडक्या वर्षातले कितीतरी महिने बंदच राहतात.

त्यांची एक रीत मात्र घेण्याजोगी आहे. तेथे घर विकणाऱ्याने तपासणीचे दाखले आपल्या खर्चाने द्यावे लागतात. वाळवीच्या भागात वाळवीचा दाखला, १९४९ पूर्वीच्या घरात शिसे असलेल्या रंगाचा, वीजजोडणी १५ वर्षांहून जुनी असेल तर तिचा, आणि घर गरम ठेवायला किती इंधन लागेल याचाही. शिवाय करारावर सही केल्यावर दहा दिवसांच्या आत घेणाऱ्याला माघार घेता येते. आपल्याकडे असा दाखला कोणी देत नाही. तेव्हा तपासणी आपणच करायची, आणि दहा दिवसांचा विचार सहीनंतर करण्याऐवजी सहीआधी करायचा.

काळी विकून पांढरी?

आता मुद्द्याचे. आमचा शेतकरी भाऊ पैसा कुठून उभा करणार होता? विहिरीखालची दोन एकर विकून. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून गेला, तेव्हापासून जमिनीच्या किमतीच्या गोष्टी पारावर रोज होतात आणि विकण्याचा मोह वाढला आहे.

मी काही बोलण्याआधी त्याची कारभारीण बोलली. तिने आड पाहिला होता, चूल कुठे पेटेल ते पाहिले होते, बळदात डोकावून पाहिले होते. ती म्हणाली, "भाऊसाहेब, बळद मोठं हाय. पण वावर इकल्यावर त्यात भरू काय?"

याहून नेमका हिशेब मला मांडता आला नसता. वाडा पीक देत नाही. उलट दरसाल काही ना काही मागतो. कधी चुना, कधी कौल-पत्रा, कधी सुतार. तो खर्च ज्या ओलिताच्या जमिनीतून निघायचा तीच विकली, तर काही वर्षांनी हा वाडाही त्या कुलूपबंद वाड्यांच्या रांगेत जाऊन बसेल. मुलांचे शिक्षण पाच-सात वर्षांचे असते, जमीन पुढच्या पिढ्यांची. शिलकीतून, जोडधंद्याच्या पैशातून किंवा झेपेल एवढ्याच कर्जातून घर होत असेल तर चांगला दगडी वाडा अवश्य घ्यावा. उन्हाळ्यात तो नव्या सिमेंटच्या घरापेक्षा गार राहतो आणि नीट राखला तर नातवंडेही त्यात नांदतील. त्यासाठी काळी मात्र विकू नये.

शेवटी तोडगा गुरुजींच्या पत्नीनेच काढला. "बहिणीची सही होईस्तोवर वाडा कुठं पळून जात नाही. तोवर माडीवरचे दोन खण भाड्यानं घ्या. पोरं घरात वावरली तर आम्हालाही बरं वाटेल." तसे ठरले. भाड्याचा करार रीतसर नोंदवून घेतला आणि जूनमध्ये मुले तेथे राहायला गेली. विहिरीखालच्या दोन एकरात यंदाही हरभरा पेरायचा आहे.

वाचकांपैकी कोणी जुने घर पाहायला निघाले असतील, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे : झडीच्या दिवसांत जा, म्हणजे घर गळते कुठे आणि ओल चढते कुठे हे आपोआप दिसेल. गावातला जुना गवंडी आणि एक सुतार बरोबर न्या. त्यांची दिवसाची मजुरी वाया जात नाही. आणि घरच्या लक्ष्मीला नेल्याखेरीज सौदा बोलू नका.